वाचकाला कुठे उभे करायचे?

दस्तयेवस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये रास्कोल्निकोव्ह गहाणवटीवर पैसे देणाऱ्या म्हातारीचा आणि नेमक्या त्याच वेळी घरी परतलेल्या तिच्या बहिणीचा कुऱ्हाडीने खून करतो, आणि मग त्याच्या लक्षात येते की इतका वेळ बाहेरचे दार उघडेच होते. तो धावत जाऊन कडी घालतो. थोड्याच वेळात जिन्यावर पावले वाजतात. बाहेर आलेला माणूस घंटा ओढतो, कोणी उघडत नाही म्हणून दार गदागदा हलवतो, आणि आत उभा असलेला रास्कोल्निकोव्ह कोंड्यात उडणाऱ्या त्या कडीकडे नुसता बघत राहतो. तेवढ्यात दुसरा एक माणूस वर येतो. दार ओढले की ते किंचित हलते, म्हणजे ते कुलूपबंद नसून आतून कडी लावलेली आहे, म्हणजेच आत कोणीतरी आहे, हे त्याच्या ध्यानात येते. ही पाने वाचताना बहुतेक वाचकांच्या मनात एकच इच्छा असते आणि ती म्हणजे हा सुटावा. आतल्या खोलीत दोन बायका रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या आहेत, त्यांपैकी एकीने तर जन्मात कोणाचे काही वाकडे केलेले नव्हते, हे आपण दोनच पानांपूर्वी वाचलेले असते. तरीही त्या कडीने तग धरावा म्हणून आपण श्वास रोखून बसतो.

ही किमया कशी होते, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. रास्कोल्निकोव्ह मनाने मोठा आहे, हे उत्तर पुरेसे नाही. त्याच्या औदार्याचे प्रसंग कादंबरीत येतात, पण कडी उडत असताना आपल्याला त्यांतला एकही आठवत नाही. उत्तर आपल्याला कुठे उभे केले आहे, यात आहे. बाहेरची माणसे आपल्याला दिसत नाहीत, त्यांचे फक्त आवाज ऐकू येतात, कारण त्यालाही तेवढेच ऐकू येतात. दाराच्या ज्या बाजूला तो आहे, त्याच बाजूला आपण आहोत. हे ठिकाण दस्तयेवस्कीला सहजासहजी सापडले नव्हते. आधी तो ही कथा खुन्याचा कबुलीजबाब म्हणून प्रथमपुरुषी निवेदनात लिहीत होता. १८६५च्या नोव्हेंबरअखेर लिहून झालेला बराच मजकूर त्याने जाळून टाकला आणि नव्याने सुरुवात केली, आणि १८६६मध्ये मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी तृतीयपुरुषी होती. प्रथमपुरुषी निवेदन पात्राच्या अधिक जवळ नेते अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि म्हणून हा बदल वरवर पाहता उलटा वाटतो. परंतु कबुलीजबाब देणारा माणूस कोणापुढे तरी बोलत असतो, आणि ऐकणाऱ्याच्या हातात आपोआप न्यायाधीशाचा हातोडा येतो. तृतीयपुरुषी निवेदकाने आपली बाजू मांडण्याचे हे ओझे पात्राच्या खांद्यावरून काढून घेतले, आणि वाचकाच्या हातातला हातोडाही काढून घेतला.

अभिजात साहित्याविषयी बोलताना आपण व्यक्तिरेखा आणि तंत्र यांचे दोन कप्पे करतो. एकीकडे ‘पात्रे कशी जिवंत उतरली आहेत’ याचे कौतुक असते आणि दुसरीकडे निवेदनपद्धती, प्रतिमा, उपरोध यांची यादी असते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसाठी ही सोय ठीक आहे. मला मात्र असे वाटते की वाचकावर जो परिणाम होतो तो दोनच निर्णयांतून घडत जातो. पात्रापासून वाचकाला किती अंतरावर ठेवायचे, हा एक. आणि पात्राला जे ठाऊक आहे त्यापेक्षा वाचकाला जास्त सांगायचे की कमी, हा दुसरा. पात्राचा स्वभाव या दोन निर्णयांच्या आधी कुठेतरी तयार होऊन बसलेला नसतो. तो आपल्यापर्यंत पोचतो तोच त्यांच्यातून.

दुसऱ्या निर्णयाचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत निर्दय उदाहरण सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’चे आहे. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’ या ग्रंथात शोकनायकाविषयी सांगितलेले सूत्र प्रसिद्धच आहे: तो अगदी पुण्यवान नको आणि अगदी दुष्टही नको, आपल्यासारखाच असावा आणि कोणत्या तरी चुकीमुळे त्याचा घात व्हावा, म्हणजे त्याच्याविषयी करुणा आणि स्वतःविषयी भीती वाटते. हे सूत्र स्वभावाविषयी बोलते. त्याच ग्रंथात तो एक प्रसंग उदाहरण म्हणून घेतो, त्याकडे मात्र आपण कमी लक्ष देतो. कॉरिंथहून दूत येतो तो ईडिपसला दिलासा देण्यासाठी. ईडिपस बापाला मारील आणि आईशी लग्न करील, असे भाकीत असते. तुझा बाप वारला असे दूत सांगतो, म्हणजे बापाला मारण्याचे भय संपते. आणि आईविषयीचे भयही घालवावे म्हणून तो पुढे सांगतो की ते तुझे खरे आईबाप नव्हतेच. भले करायला आलेल्या माणसाच्या याच वाक्याने सगळे उलटते. ग्रीक प्रेक्षकांना ही कथा नाटकाला येण्यापूर्वीच माहीत होती, त्यामुळे दूताच्या प्रत्येक शब्दासरशी त्यांच्या पोटात गोळा येत असणार, आणि रंगभूमीवर मात्र तो शब्द हायसे वाटून ऐकला जात होता. कथा आधी माहीत असल्याने रसभंग होतो, असे मानणाऱ्यांनी या प्रेक्षकांचा विचार करावा.

कालिदासाने ‘शाकुंतल’मध्ये हेच साधन अधिक नाजूकपणे वापरले आहे, आणि त्याने नेमके काय केले ते पाहण्याची सोयही आपल्याला आहे, कारण त्याने घेतलेली मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वात जशीच्या तशी उपलब्ध आहे. तिथे शाप नाही आणि अंगठीही नाही. दुष्यंताला सगळे आठवत असते, आणि तरी तो भर सभेत शकुंतलेला ओळख देत नाही. आकाशवाणी झाल्यानंतर तो सांगतो की मला ठाऊक होतेच, पण नुसत्या तिच्या बोलण्यावरून मुलाला स्वीकारले असते तर लोकांनी संशय घेतला असता. तिथली शकुंतला त्याला सोडत नाही. ती सत्य, धर्म, पत्नी आणि पुत्र यांविषयी त्याला असे काही सुनावते की राजा तिच्यापुढे खुजा दिसू लागतो. (खरे सांगायचे तर माणूस म्हणून मला हीच शकुंतला अधिक आवडते. नाटकातला शाप राजाची कातडी वाचवतो हा जो आक्षेप घेतला जातो, तो मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही.)

कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला, हे शाळेतही शिकवतात. तो त्याने कुठे ठेवला, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. चौथ्या अंकाच्या आरंभीच्या विष्कंभकात, म्हणजे दोन अंकांना जोडणाऱ्या छोट्या प्रवेशात, फुले वेचणाऱ्या दोन सख्यांच्या बोलण्याच्या मध्येच, नेपथ्यातून तो ऐकू येतो. दुर्वास रंगमंचावर येतसुद्धा नाही. पतीच्या विचारात बुडालेल्या शकुंतलेला पाहुणा आल्याचे कळत नाही आणि शाप मिळाल्याचेही कळत नाही. प्रियंवदा धावत जाऊन ऋषीला विनवते, ओळखीचा दागिना दाखवल्यावर शाप सरेल एवढी सवलत मिळवून आणते, आणि मग दोघी सख्या ठरवतात की ही गोष्ट आपल्या दोघींतच ठेवायची. प्रियंवदा विचारते, नवमालिकेवर कढत पाणी कोण शिंपडेल? इथे कालिदासाने प्रेक्षकाला गुपचूप तिसरी सखी करून टाकले आहे. आता आपल्याला ठाऊक आहे आणि तिला नाही, आणि तिला सांगू नये हे आपल्यालाही पटलेले आहे.

यानंतर येणारा निरोपाचा प्रसंग आपण कण्वाच्या वात्सल्यासाठी वाचतो. वेली, हरिणी, पित्याचा दाटून आलेला कंठ, हे सगळे त्यात आहेच. परंतु सासरी निघालेल्या मुलीचा निरोप कितीतरी ठिकाणी येतो, आणि तो सगळीकडे इतका आत जात नाही. इथे तो आत जातो, कारण ती आनंदाने जिकडे निघाली आहे तिथे तिचे काय होणार हे आपल्याला कळून चुकलेले असते. सख्या जाता जाता सांगतात की राजाला ओळखायला वेळ लागला तर ही अंगठी दाखव, आणि शकुंतला म्हणते की तुमच्या या शंकेने माझा थरकाप झाला. त्यावर त्या, स्नेहाला नसत्या शंका येतातच, अशी तिची समजूत घालतात. त्या साध्या वाक्यांतला खोटेपणा ओळखणारे प्रेक्षागृहात फक्त आपण असतो. पाचव्या अंकात राजा तिला नाकारतो तेव्हा ती त्याला ‘अनार्य’ म्हणते, आणि ते तिच्या जागेवरून अगदी योग्य आहे. परस्त्रीला स्पर्श नको म्हणून मागे सरणारा राजाही त्याच्या जागेवरून योग्यच आहे. दोघांचीही बाजू एकाच वेळी कळणारे आपण तेवढे हतबल. हाच शाप सहाव्या अंकात अंगठी सापडल्यावर उघड झाला असता, तर पाचव्या अंकात आपण राजावर संतापलो असतो आणि नंतर त्याला नाइलाजाने माफ केले असते. घटना त्याच राहिल्या असत्या. रस मात्र बदलला असता.

अंतराच्या बाबतीत सर्वांत धाडसी प्रयोग फ्लोबेरचा म्हणावा लागेल, आणि तो धाडसी होता याची साक्ष न्यायालयाच्या कामकाजात नोंदलेली आहे. ‘मादाम बोव्हारी’ १८५६मध्ये नियतकालिकातून प्रसिद्ध झाली आणि १८५७च्या आरंभी तिच्यावर नीतिमत्तेला बाधा आणल्याबद्दल खटला भरला गेला. सरकारी वकील पिनार यांची तक्रार लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. केवळ व्यभिचाराचे चित्रण आहे एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. या पुस्तकात त्या बाईला दोषी ठरवू शकेल असे एकही पात्र नाही, असे ते म्हणत होते. प्रियकराच्या पहिल्या भेटीनंतर नायिका एमा आरशात पाहते आणि ‘माझा एक प्रियकर आहे’ हे स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत हरखून जाते, तो उतारा त्यांना प्रत्यक्ष पतनापेक्षाही घातक वाटला. त्या उताऱ्यात फ्लोबेर तिचे विचार ‘तिला वाटले’, ‘ती मनाशी म्हणाली’ अशी कुंपणे न घालता आपल्या वाक्यांत सोडून देतो. प्रेमातले सुख आता तिला मिळणार होते, हे वाक्य एमाचे की लेखकाचे, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लेखक तिच्या बाजूने बोलला म्हणावे तर तसा पुरावा नाही, आणि तिचा निषेध केला म्हणावे तर तसाही नाही. फ्लोबेर निर्दोष सुटला. पण माझ्या मते त्या काळातला सर्वांत जागरूक वाचक हा सरकारी वकीलच होता. तंत्राने आपल्याला कुठे नेऊन सोडले हे त्याला अचूक कळले होते, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

हाच फ्लोबेर आपल्याला एमाच्या मनातून खेचून बाहेरही काढतो. शेतकी प्रदर्शनाच्या प्रसंगात तिचा भावी प्रियकर रोडोल्फ तिच्याशी नशिबाच्या आणि जन्मोजन्मीच्या ओढीच्या गोष्टी करत असतो, आणि त्याच वेळी खाली मैदानात बक्षिसे जाहीर होत असतात. लेखक एकाआड एक वाक्ये ठेवत जातो. ‘मी शंभरदा निघून जायचे ठरवले, पण तुमच्या मागे येत राहिलो,’ असे तो म्हणतो न म्हणतो तोच मैदानातून ‘खते!’ अशी घोषणा ऐकू येते. लेखकाने एका शब्दाचीही टीका केलेली नाही. एमाला ती घोषणा ऐकू जात नाही. आपल्याला जाते, आणि तेवढ्या क्षणापुरते आपण तिच्यापासून हातभर लांब जाऊन उभे राहतो.

प्रथमपुरुषी निवेदनाविषयी वर थोडे कठोर लिहिले, म्हणून हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’चा उल्लेख करायला हवा. यमू आपली हकीगत स्वतः सांगते, आणि तिथे प्रथमपुरुषाशिवाय दुसरे काही चाललेच नसते, कारण त्या घरांत बायकांच्या वाट्याला जे येत होते ते घराबाहेरच्या निवेदकाला दिसण्याजोगे नव्हते. हरिभाऊंची करामत अशी की पुष्कळ ठिकाणी यमू अन्यायाचा उच्चार अन्याय म्हणून करत नाही. घरात असेच चालायचे, एवढ्याच सुरात ती सांगून जाते, आणि संतापायचे काम वाचकाकडे राहते. शीर्षकातला प्रश्नही वाचकालाच उद्देशून आहे. हा हातोडा वाचकाच्या हातात मुद्दाम दिलेला आहे.

चेखव्हने १८९२मध्ये लिदिया अविलोवा या लेखिकेला पत्रातून एक सल्ला दिला होता. दुःखी, अभागी माणसांचे चित्रण करून वाचकाचे मन हेलावायचे असेल तर लिहिताना जरा थंड राहा, म्हणजे त्यांच्या दुःखाला पार्श्वभूमी मिळून ते उठून दिसेल, असा त्याचा आशय आहे. हे त्याने स्वतः १८८६च्या एका कथेत करून दाखवले होते. आयोना या घोडागाडीवाल्याचा मुलगा नुकताच वारला आहे आणि ते कोणाला तरी सांगावे म्हणून तो संध्याकाळभर धडपडतो. लष्करी अधिकारी, हुल्लडबाज तरुण, दरवान, मुक्कामाच्या जागेतला दुसरा गाडीवाला, कोणालाही ऐकायला सवड नसते. चेखव्ह दुःखाचे वर्णन अगदी थोडक्यात आटोपतो आणि भर देतो तो सांगण्याच्या तपशिलावर: मुलगा कसा आजारी पडला, मरण्यापूर्वी काय बोलला, हे सगळे नीट, सावकाश सांगायला हवे, आणि बायका भेटल्या तर आणखी बरे, त्या दोन शब्दांतच रडू लागतात. अखेर तो घोडीला सांगतो. करुण हा शब्द उच्चारल्याने करुण रस निर्माण होत नाही, हे आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये लिहून ठेवले होते. रस सांगता येत नाही, तो सुचवावा लागतो, आणि सुचवण्यासाठी विभाव-अनुभावांची, म्हणजे भावनेच्या कारणांची आणि तिच्या बाह्य खुणांची, मांडणी करावी लागते, असे त्याचे म्हणणे आहे. चेखव्हला हे माहीत असण्याचे काही कारण नव्हते. दोघांनी एकाच दुखण्याचे निदान केले, आणि ते दुखणे अजूनही मासिकांतल्या भावूक कथांतून जोरात आहे.

त्याच १८८६मध्ये तॉलस्तॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात नायकाच्या मृत्यूच्या बातमीने होते. सहकारी बातमी वाचतात आणि त्यांच्या मनात पहिला विचार येतो तो रिकाम्या झालेल्या जागेचा, आणि दुसरा ‘गेला तो, मी नाही’ या सुटकेचा. मृताचा मित्र सांत्वनाला जातो तर तिथे बसायला दिलेल्या आसनाच्या मोडक्या स्प्रिंगा त्याला धड बसू देत नाहीत, आणि विधवेला सरकारकडून जास्तीत जास्त पैसे कसे मिळतील याची चौकशी करायची असते. आपण या लोकांना हसतो. हसताना आपण नकळत त्यांच्याच रांगेत, प्रेताच्या पायथ्याशी उभे असतो. मग तॉलस्तॉय मागे जातो, एक बेतशीर, नीटनेटके आयुष्य भराभर सांगतो, आणि हळूहळू आपल्याला आजाऱ्याच्या पलंगावर आणून निजवतो. माणूस मर्त्य आहे, केयस माणूस आहे, म्हणून केयस मर्त्य आहे, हे तर्कशास्त्राच्या पुस्तकातले उदाहरण केयसला लागू होते हे इव्हान इलिचला मान्य असते. आपण काही केयस नाही, अशी त्याची कायमची समजूत असते. हे वाचताना पहिल्या प्रकरणातले सहकारी आठवतात आणि तेव्हाचे आपले हसूही आठवते.

वाचकाला असे सामील करून घेण्याची कला जेन ऑस्टिनइतकी शांतपणे क्वचितच कोणी वापरली असेल. तिच्या ‘एमा’मध्ये (या लेखात दोन एमा आल्या, त्याला इलाज नाही) मिस बेट्स नावाची एक गरीब, प्रौढ, अविवाहित बाई आहे. ती अतिशय चांगली आहे आणि अखंड बोलते. तिच्या बोलण्याचा सारांश देऊन ऑस्टिन वाचकाची सुटका करत नाही. चष्मा, भाचीचे पत्र, शेजाऱ्यांचे उपकार, एका विषयातून दुसऱ्यात घसरणारी तिची वाक्ये ती लांबच लांब छापते. तीनचतुर्थांश कादंबरी वाचून होईपर्यंत आपणही कंटाळलेले असतो. मग बॉक्स हिलच्या सहलीत, प्रत्येकाने एक अगदी चतुर किंवा तीन अगदी कंटाळवाण्या गोष्टी सांगाव्यात असा खेळ निघतो. आपल्याला तीन सहज जमतील असे मिस बेट्स हसून म्हणते, तेव्हा एमा तिला चारचौघांत ऐकवते की अडचण एवढीच आहे की तुम्हाला एका वेळी फक्त तीनच सांगता येतील. ते वाक्य चटपटीत आहे आणि ते वाचून हसू येते. मिस बेट्सला अर्थ जरा उशिराने कळतो, तिचा चेहरा उतरतो, आणि ती रागावण्याऐवजी आपणच असह्य झालो असणार असे म्हणते. पुढे एमाचा जुना स्नेही नाइटली तिला फैलावर घेतो, तेव्हा त्याच्या बोलण्यातला निम्मा तरी आपल्या वाट्याचा असतो, कारण एमाने मोठ्याने म्हटले तेच आपण गेली शेकडो पाने मनात म्हणत आलेलो असतो. एमाच्या स्वभावातले न्यून केवळ वर्णन करून सांगितले असते तर आपण वरून मान डोलावली असती.

त्यात आणखी एक खोच आहे. फ्रँक चर्चिल हा तरुण आणि मिस बेट्सची भाची जेन फेअरफॅक्स यांच्या गुप्त वाङ्निश्चयाचा सुगावा लागण्याजोगी माहिती ऑस्टिनने या मिस बेट्सच्याच बडबडीत विखरून ठेवली आहे. कोण कधी घरी आले, किती वेळ थांबले, आईच्या चष्म्याचा निखळलेला खिळा कोणी बसवून दिला, हे सगळे ती भाबडेपणाने सांगत असते. एमा ते ऐकत नाही. ज्या वाचकाने ते परिच्छेद भराभर उलटले, त्याला ही बातमी एमाला कळते त्याच वेळी कळते, आणि मग खात्री करून घेण्यासाठी त्याला मागे जाऊन मिस बेट्सचे म्हणणे शब्दन् शब्द ऐकावे लागते.